पाटीवर तीन

"पाटीवरचा आकडा चुकला ना, तर आकड्याकडे बघत बसू नकोस. आत ये आणि माझ्याकडे बघ."

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मला हे बजावलं तेव्हा माझी ठकी सात महिन्यांची होती आणि मी तिला पहिल्यांदाच दुसऱ्याच्या घरी ठेवून निघाले होते. माझं सगळं लक्ष ठकीच्या नाकाकडे. ते वाहतंय की काय, या धास्तीत मी अर्धवट ऐकलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आणि चुकणार! काहीतरीच."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ठकीला माझ्या हातातून घेतलं आणि दार लोटलं. मी तीन महिने ते वाक्य विसरून गेले.

शनिवार

त्या दिवशी साडेबाराला मी ठकीला आणायला वर गेले आणि बाईंच्या दाराबाहेरच्या पाटीवर तीन लिहिलेला दिसला.

पाटी साधीच, शाळेतल्यासारखी. तिच्यावर रोज खडूनं एकच आकडा असायचा. त्यामागचं प्रकरण आधी सांगायला हवं. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. भरती-ओहोटीची कोष्टकं करणाऱ्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं हातानं आकडेमोड केली. यजमान गेले, माणसं पांगली, आणि घरात एकट्या उरल्या त्या दिवशी त्यांनी चौकटीच्या वहीत पेन्सिलनं 'एक' लिहिला. दुसऱ्या दिवशी त्याची दुप्पट केली. तिसऱ्या दिवशी त्या दुपटीची दुप्पट. "एकटीचे दोन निदान कागदावर तरी होतात," म्हणाल्या होत्या. दोन, चार, आठ, सोळा करत पावणेतीन वर्षांत ती संख्या तीनशे अंकांपर्यंत वाढली होती. एका ओळीत साठ अंक, अशा पाच ओळी. रोज सकाळी आंघोळ झाली, की गॅस गीझरची बारीक धार धुण्याच्या पिंपात सोडायची आणि दुप्पट करायला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं. पिंप भरायला बरोबर एक गणित लागायचं.

एवढी लांब संख्या बरोबर आली की नाही, हे कसं कळणार? तर सगळे अंक मिळवायचे, आलेल्या बेरजेचे अंक पुन्हा मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत. तो पाटीवर. एकाची दुप्पट दोन, मग चार, मग आठ, मग सोळा म्हणजे एक अधिक सहा सात, मग बत्तीसचे पाच, मग चौसष्टचे दहा आणि दहाचा एक, आणि पुन्हा पहिल्यापासून. एक, दोन, चार, आठ, सात, पाच. संख्या कितीही अगडबंब होवो, पाटीवर हेच सहा पाहुणे, याच क्रमानं. ठकीला झोपवताना बाई तेच म्हणायच्या: एक दोन चार, आठ सात पाच.

तीन कधीच नाही. सहा नाही, नऊ नाही. "दुप्पट करत गेलं की संख्येत दोनच दोन भरतात," बाईंनी मला समजावलं होतं, "तीन तिच्यात शिरणार कुठून? आणि तीननं भाग जात नसेल तर शेवटी तीन, सहा, नऊ उरत नाहीत."

आणि आता पाटीवर तीन.

मी आत गेले. बाई टेबलाशी कपाळ चोळत बसल्या होत्या. ठकी चटईवर गाढ झोपलेली. घरी ही पोर वाटी पडली तरी दचकून उठते, पण इथे दोन दिवस अशी लाकडासारखी झोपत होती. मला बरंच वाटायचं.

"बाई, पाटीवर तीन आहे."

"काहीतरीच बोलू नकोस. चारचा दिवस आहे आज."

त्या उठून दारापर्यंत आल्या, भिंतीला हात लावत. पाटी बघितली. नेहमी फिकट असलेले गाल लालबुंद झाले होते. मला वाटलं, शरमेनं.

"हा आकडा माझ्या घरात येऊच शकत नाही," त्या हळूच म्हणाल्या.

शनिवार, संध्याकाळ

पाच वाजता बाई स्वतः वही घेऊन खाली आमच्याकडे आल्या. रोज संध्याकाळी गॅलरीत बसून त्या सकाळचं गणित उलटं करून बघत, म्हणजे संख्या निम्मी करून कालची येते का ते. आज आली नव्हती. वरून दुसऱ्या ओळीत एके ठिकाणी सात हवे होते, तिथे सहा होते.

"मी साताचे सहा करणारी बाई आहे का?" चेहरा आता स्वच्छ, आवाज खणखणीत. "कुणीतरी खोडलंय. पेन्सिलचंच तर लिखाण. आणि ऐक, कालही असंच होतं. पाटीवर दोन हवे होते, एक होता. संध्याकाळी दुरुस्त केलं आणि गप्प बसले."

"गप्प का?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा पुतण्या गेली दोन वर्षं मागे लागला होता: काकू, एकटी राहू नकोस, वृद्धाश्रमात सोय बघून ठेवलीय. शेवटी बाईंनी त्याला शब्द दिला. पाटीवरचा आकडा बरोबर आहे तोवर मी माझ्या घरात. ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी मी स्वतः पिशवी भरून येईन.

"पुढच्या रविवारी हजारावी दुप्पट," बाई म्हणाल्या. "तो सगळ्यांना बोलावणार आहे. आकडा मी चुकवला असेल तर त्याच दिवशी मी त्याला तसं सांगणार. खोटं बोलून घरात राहायचं नाही मला. पण दुसऱ्या कुणी चुकवला असेल, तर ते शोध. तू प्रुफं तपासतेस ना? मग तपास."

नवरा चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "वा! म्हणजे आता घरात डिटेक्टिव्हही."

"माझ्या घरात तिघंच येतात," बाई जाताना म्हणाल्या. "पुतण्या. घड्याळजी. आणि तिसरी तू."

रविवार

पुतण्या बुधवारी आणि रविवारी सकाळी यायचा. त्याच्याकडे किल्ली होती आणि बाई चुकल्या तर फायदाही त्याचाच. मी जिन्यात मुद्दाम केर काढत थांबले. आत स्वयंपाकघराची खिडकी धाडकन उघडल्याचा आवाज आला आणि बाई ओरडल्या, "सिगरेट बाहेर धर, बाहेर!" गृहस्थ तासाभरानं खाली उतरले.

"बाईंचं गणित झालं का आज?" मी विचारलं.

"झालं की. पाटीवर आठ." तो कौतुकानं हसला. "वहिनी, खरं सांगू? मी रोज देवाला म्हणतो, एकदा चुकू दे. आणि इथे आलो की वाटतं, नको चुकू दे."

"असं कसं दोन्ही?"

"काकू मला मांडीवर घेऊन पाढे शिकवायची. ती रात्रीबेरात्री एकटी पडली तर? तुम्हाला समजेल, तुमच्या पोरीचं तुम्हाला वाटतं तसंच."

मी वर जाऊन बघितलं. आठ. बरोबर होता. माणूस सराईत असेल तर स्वतः हजर असताना हात लावणारच नाही, असं मी मनात टिपून ठेवलं.

सोमवार

पाटीवर सहा. हवे होते सात.

मी ठकीला एका खांद्यावर टाकून वही खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. बारा वर्षं कागद बघतेय. रबरानं खोडलं की कागदाची लव उठते, तिथे उजेड वेगळा पडतो. शनिवारी संध्याकाळी बाईंनी दुरुस्ती केलेली जागा तशी स्पष्ट दिसत होती. पण आजचं पान साईसारखं सपाट. कुणी काही खोडलेलं नव्हतं.

शिवाय पाटीही चुकीची. कुणी दुपारी वहीत हात मारला असता, तर पाटी बरोबर राहिली असती, कारण ती बाई सकाळीच लिहितात. दोन्ही एकाच मापानं चुकवणारा माणूस म्हणजे अंक मिळवण्याची ही रीत माहीत असलेला. माझ्याखेरीज असे एकच, घड्याळजी.

जिन्याखाली घड्याळजींचं खोक्याएवढं दुकान. रोज बाराला ते बाईंकडे चहाला जातात, दुसरी किल्ली त्यांच्याकडे.

"काका, बाईंच्या पाटीवर आज काय होतं?"

डोळ्याचं भिंग न काढता ते म्हणाले, "सहा."

"आणि हवं होतं?"

"सात." आता भिंग निघालं. "मला कळतं हो ताई. शनिवारचा तीनही बघितला मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बाईंना चूक दाखवू? माझी छाती आहे का? पावणेतीन वर्षं थट्टा केली, एकदा तरी चुका हो, म्हणजे आम्हाला माणसात बसल्यासारखं वाटेल. आणि चुकल्या तर…" त्यांनी एक बंद पडलेलं घड्याळ उगाच कानाला लावलं. "त्या गेल्या तर बाराला मी चहा कुठे प्यायचा?"

म्हणजे बाई चुकण्यात यांचा तोटाच.

मंगळवार

पाटीवर चार. हवे होते पाच.

ठकी झोपलेली होती म्हणून मी तिथेच बसून आतापर्यंतच्या चारही चुका एका कागदावर काढल्या.

चारही ठिकाणी अंक एकानंच कमी होता. आणि चारही ठिकाणी उजवीकडच्या अंकाची दुप्पट दहाच्या पुढे गेलेली होती. उदाहरणार्थ, तीन आणि सात शेजारी. साताची दुप्पट चौदा, चार लिहायचे, हातचा एक. तीनाची दुप्पट सहा आणि हातचा एक, सात. बाईंच्या वहीत सहा. प्रत्येक वेळी हातचा विसरलेला. म्हणूनच पाटीही रोज एकानं कमी.

खोडसाळपणा करणारा आठाचे तीन करेल, दोनाचे पाच करेल. फक्त हातचाच चोरणारा चोर कुठे असतो? हातचा कागदावर लिहिलेला नसतोच. तो मनात धरायचा असतो. तो हरवतो तोही मनातूनच.

"काय सापडलं?" बाईंनी विचारलं. कपाळाला बाम चोळलेला होता.

"अजून बघतेय," मी म्हणाले. ठकीला उचलून खाली आले आणि नवऱ्याला सांगितलं, "चोर नाहीये. बाईच."

त्यानं विचारलं, "ठकीला तिथे ठेवायचं का पुढे?"

हा प्रश्न त्याच्या आधी माझा स्वतःला विचारून झाला होता, हे मी त्याला सांगितलं नाही.

बुधवार

बुधवारी पाटीवर एक. बरोबर.

पण ठकीनं मात्र तिथे रडून गोंधळ घातला, डोळ्याला डोळा लावला नाही. पुतण्या आलेला, खिडकी सताड उघडी, सिगरेटचा वास. मी मनातल्या मनात त्याच्या नावानं बोटं मोडली. गारठ्यात लेकराच्या अंगावर वारा सोडायचा म्हणजे काय!

काळजी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. बाईंच्या टेबलाचे कोपरे मी स्पंज लावून मऊ केलेत. औषधांचा डबा माळ्यावर चढवलाय. थंडी पडली तशी त्यांची खिडकी लावून घ्यायला लावली, वरच्या झरोक्यातून गार झोत येत होता तिथे पुठ्ठा चिकटवला, फिनेलची बाटली कुलपात घातली. बाई म्हणाल्या होत्या, "माझं घर आहे की लेकराची पेटी?" पण ठकीसाठी त्यांनी सगळं चालवून घेतलं.

गुरुवार

खात्री करायची म्हणून मी गुरुवारी प्रुफं घेऊन बाईंच्याच टेबलाशी बसले. बस-वेळापत्रकाची बारा पानं होती, नुसते आकडेच. पलीकडे बाई आपली संख्या घेऊन. बाथरूमच्या दारातून पिंपात पडणाऱ्या धारेचा आवाज. चटईवर ठकी. बाई उजवीकडून खालच्या ओळीपासून सुरू करायच्या आणि वर चढत जायच्या. पहिल्या दोन ओळी झरझर झाल्या, पेन्सिल शिवणयंत्रासारखी. मग हळू. मग आणखी हळू.

एकदा मी विचारलं, "बाई, डोकं दुखतंय?"

"जरा जड आहे. तुझं?"

"माझंही. ठकीनं काल झोपू दिलं नाही ना."

कुणी आलं नाही. कुणी गेलं नाही. अकराला बाईंनी पाटी लिहिली. मी डोळे ताणून बघितलं. नऊ. हवे होते दोन. दोनच्या आधी एक, एकच्या आधी नऊ; म्हणजे एकाच्या ऐवजी आज दोन हातचे सुटले होते.

मग माझ्या मनात उरलीसुरली शंका राहिली नाही. तपास संपला, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ठकीला वर पाठवायचं नाही, हेही ठरवलं. संध्याकाळी बाई गॅलरीत निम्मी करत बसलेल्या खालून दिसल्या. पेन्सिल पुन्हा शिवणयंत्रासारखी चालत होती. त्यांनी हात हलवला. मी बघितलंच नाही असं केलं.

शुक्रवार

"ठकीला बरं नाही," असं खोटंच कळवून मी घरी बसले. दहाच्या सुमाराला छापखान्यातून फोरमनचा फोन.

"ताई, तब्येत बरी आहे ना?"

"का हो?"

"कालची प्रुफं. पहिली पाच पानं चोख. सहाव्यापासून पुढे चौदा चुका सुटल्यात. साडेसातची बस साडेसतराला सोडलीय तुम्ही. असं कधी झालं नाही म्हणून विचारलं."

मी वरमले, माफी मागितली, फोन ठेवला. आणि तशीच उभी राहिले.

पहिली पाच पानं चोख. मग पुढे घसरण.

मी कागद ओढला. बाईंच्या पाचही दिवसांच्या चुका कुठे आहेत? वरच्या दोन ओळींत. म्हणजे गणिताच्या शेवटी. खालच्या तीन ओळींत पाच दिवसांत एकही चूक नाही. आणि संध्याकाळची तपासणी? तीनशे अंक निम्मे करायचे, तिथेही हातचे असतातच. एकही चूक नाही. विसरायला लागलेलं डोकं असं घड्याळ लावून विसरतं का? सकाळी सुरुवातीला शाबूत, शेवटी जड, संध्याकाळी पुन्हा लख्ख?

आणि माझं डोकं तर एकतीस वर्षांचं. तेही त्याच टेबलाशी, त्याच वेळेला घसरलं.

मग डोक्यात नव्हे, टेबलाशी काहीतरी होतं.

बरोबर आलेले दिवस कोणते? रविवार आणि बुधवार. पुतण्या येतो ते. तो काय करतो? खिडकी उघडतो. ठकी कुठल्या दिवशी तिथे झोपली नाही? बुधवारी. बाकीचे दिवस लाकडासारखी… गाल लाल, डोकं जड, गीझर अर्धा तास चालू, खिडकी बंद. आणि पहिली चूक गेल्या शुक्रवारची. त्याच्या आधी नऊशे नव्वद दिवस एकही नाही. शुक्रवारच्या आदल्या दिवशी त्या घरात काय बदललं?

गुरुवारी. दुपारी. स्टुलावर चढून. चिकटपट्टी दातानं तोडत.

मी.

घड्याळात दहा चाळीस. बाई आत्ता वरच्या ओळींत असणार.

ठकीला काखोटीला मारून मी जिना चढले. पाटी कोरी. घंटा वाजवली. पाण्याच्या धारेचा आवाज येत होता, दुसरा काही नाही. "बाई! बाई!" दार आतून लावलेलं, कारण आज ठकी येणार नव्हती. मी जिन्यातून खाली ओरडले, "काका, किल्ली!" गुडघेदुखीनं चार पायऱ्यांवर बसणारे घड्याळजी कधी नव्हे ते धावत आले.

बाईंचं डोकं वहीवर टेकलेलं होतं. पेन्सिल हातात तशीच.

ठकीला मी दाराबाहेर पाटीखाली बसवलं, श्वास रोखून आत गेले, आधी गीझर बंद केला, मग खिडकी उघडली. घड्याळजींनी बाईंना खुर्चीसकट ओढत जिन्यात आणलं. गार हवा लागली, पापण्या हलल्या.

"कितवी ओळ?" बाई पुटपुटल्या.

"दुसरी," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

रविवार

डॉक्टरांनी बाईंना दोन रात्री ठेवून घेतलं. ठकीचंही रक्त तपासलं. ठीक होती, कारण ती रोज दोन-अडीच तासांतच तिथून निघायची. गीझरवाला येऊन गेला. जळताना गीझर हवा खातो, म्हणाला, आणि ती कमी पडली की विषारी वायू सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, माणूस पेंगतो. म्हणून तर झरोका असतो. "हा पुठ्ठा कोणत्या शहाण्यानं लावला?" त्यानं विचारलं.

तोच प्रश्न रविवारी बाईंच्या स्वयंपाकघरात पुन्हा आला. खिडकी उघडी, पुतण्या, घड्याळजी, माझा नवरा, मांडीवर ठकी. शुक्रवार आणि शनिवारची दुप्पट बाईंनी दवाखान्याच्या खाटेवर केली होती, चार आणि आठ. आज हजारावी दुप्पट.

मी सगळं क्रमानं सांगितलं. सपाट कागद, हातचे, वरच्या ओळी, माझी प्रुफं, बुधवारची उघडी खिडकी.

"म्हणजे माझ्या सिगरेटीनं काकू वाचली?" पुतण्या चकित.

"तुझ्या सिगरेटीनं नाही, खिडकीनं," बाई म्हणाल्या. "लगेच डोक्यावर चढू नकोस."

"आणि झरोका कुणी बुजवला?" त्यानं विचारलं.

"मी," मी म्हणाले. "ठकीला गार वारा लागू नये म्हणून. तुम्ही तिघांवर संशय घ्यायला सांगितला होता बाई. मी दोघांवरच घेतला."

ठकीनं चमचा आपटला. मला वाटलं, आता बाई मला घराबाहेर काढतील, आणि काढावंच.

"आणि मंगळवारी," मी पुढे म्हणाले, कारण तेही सांगायला हवं होतं, "तुम्हीच चुकताय असं ठरवून मी मोकळी झाले. तुमचे गाल लाल दिसत होते, कपाळावर बाम दिसत होता. तुम्ही सांगितलं होतं माझ्याकडे बघ. मी आकडेच बघत राहिले."

बाईंनी चष्मा पुसला. "मी तरी काय केलं? चोर शोधायला लावलं तुला. चोर असावा असंच वाटत होतं मला. चोर परवडला असता." मग पुतण्याकडे वळल्या. "पण शब्द तो शब्द. आकडा चुकला. पाच वेळा. कागद आणलायस ना?"

पुतण्यानं खिशातून वृद्धाश्रमाचा अर्ज काढला. चार घड्यांचा, बाईंचं नाव आधीच घातलेला. तो अर्जाकडे बघत राहिला.

"आधी आजची दुप्पट कर," तो म्हणाला.

बाईंनी वही उघडली. कालच्या संख्येनं शेवटचं पान भरलं होतं. पुढे पुठ्ठाच. त्या क्षणभर गोंधळल्या. पुतण्यानं अर्ज उलटा केला, हातानं घड्या सपाट केल्या आणि कोरी बाजू वर करून काकूपुढे सरकवला.

"यावर कर."

"अरे, मग अर्ज कशावर भरशील?"

"दुसरा मागायला गेलं पाहिजे," तो म्हणाला. "आणि ते ऑफिस फार लांब आहे."

बाईंनी लिहायला सुरुवात केली. खालच्या ओळीत शेवटी तीनशे शहात्तर. मग वर, मग आणखी वर, पेन्सिल तितक्याच वेगात, पाचव्या ओळीपर्यंत. आणि सर्वांत वर सुटे दोन अंक, एक आणि शून्य. तीनशे दोन अंक. घड्याळजींनी चष्म्यावर भिंग चढवून बेरीज केली, पुन्हा केली, आणि खडू बाईंच्या हातात दिला.

पाटीवर सात.

"नवा शब्द देते," बाई हात झटकत म्हणाल्या. "आकडा चुकला, तर मी जाणार नाही. तुम्ही आत यायचं."

ठकी अजूनही रोज दहाला वर जाते. झरोका उघडा आहे, गीझर बाहेर गॅलरीत बसवलाय, ठकीच्या अंगात दोन स्वेटर असतात. ती तिथे आता फारशी झोपत नाही. मी पाटी वाचते, आणि मग आत जाऊन बाईंचा चेहरा वाचते, रोज, बरोबर असली तरी.

तुम्हाला हे इतकं सविस्तर सांगायचं कारण एवढंच. तुमच्याही ओळखीचं कुणीतरी असेल, एकटं राहणारं, ज्याच्याबद्दल तुम्ही हल्ली म्हणायला लागला आहात की आता विसरायला लागलेत, वयच झालं. असेलही तसं. पण त्यांच्याकडे एकदा सकाळी जा. ते रोज जिथे बसतात तिथे, त्याच वेळी, अर्धा तास बसा. त्यांचे गाल बघा. स्वतःचं डोकं जड होतंय का बघा. मान वर करून बघा, भिंतीत कुठे, कुणीतरी मायेनं, एखादा पुठ्ठा तर लावलेला नाही ना.

फोनवर विचारू नका. फोनवर ते म्हणतील, बरं आहे. बाईही तसंच म्हणायच्या. जाऊन या.